सीप्लेन उडेलही, पण तुमचे पैसे तरंगतील का?

फेब्रुवारी २०२५ मध्ये बंगळुरूच्या एअरो इंडिया प्रदर्शनात चेन्नईच्या एका स्टार्टअपनं सांगितलं, की पाण्यालगत उडणाऱ्या आमच्या यानातून कोलकाता ते चेन्नई हा सुमारे १,६०० किलोमीटरचा प्रवास माणशी ६०० रुपयांत होईल. आनंद महिंद्रांनी समाजमाध्यमावर कौतुक केलं आणि बघता बघता ती बातमी घरोघरच्या व्हॉट्सॲपवर येऊन पडली. पुण्यात या विषयाला आधीपासूनच थोडं तेलपाणी होतं. सीप्लेनच्या सरकारी घोषणा झाल्या की पवना धरणाचं नाव अधूनमधून येतंच. एक्स्प्रेस-वेवर खंडाळ्याच्या घाटात तास-दीड तास अडकलेल्या माणसाला 'पवनेवरून उडा, गिरगावला उतरा' हे ऐकायला गोड लागणारच.

इथपर्यंत ठीक होतं. पण हल्ली देशोदेशीच्या नव्या सीप्लेन कंपन्या गुंतवणूकदार शोधत फिरताहेत आणि त्यांची सादरीकरणं आपल्या ओळखीच्या लोकांपर्यंत पोचायला लागली आहेत. 'तू इंजिनिअर ना, जरा बघून सांग' म्हणून माझ्याकडेही येतात. चित्रं झकास असतात. निळंशार पाणी, पांढरं विमान, पाठीमागं मावळता सूर्य. आणि प्रत्येक जण एकच प्रश्न विचारतो: हे उडेल का?

बहुतेक वेळा उडतं. पण पैसे घालणाऱ्यानं विचारायचा प्रश्न तो नव्हे. तो कोणता, हे कळायला आधी पाण्यापासून सुरुवात करावी लागेल.

सीप्लेन म्हणजे नक्की काय

पाण्यावरून उडणारं आणि पाण्यावर उतरणारं विमान ते सीप्लेन. काहींना चाकांच्या जागी दोन लांब पोकळ होड्या बसवलेल्या असतात, त्यांना फ्लोट म्हणतात. काहींचं पोटच होडीसारखं असतं, त्या उडत्या बोटी. आणि ज्यांना पाणी चालतं आणि धावपट्टीही चालते, ती उभयचर विमानं.

एके काळी यांची चलती होती, कारण जगात धावपट्ट्या फार नव्हत्या. १९३०च्या दशकाच्या शेवटी इंग्लंडहून पूर्वेकडे जाणाऱ्या उडत्या बोटी आपल्याकडे राजस्थानातल्या राजसमंद तलावावर उतरायच्या. मग दुसरं महायुद्ध झालं, जगभर पक्क्या धावपट्ट्या तयार झाल्या आणि पाण्यावर उतरण्याचं कारणच संपलं. तरीही १९५२ मध्ये ब्रिटनमध्ये सॉन्डर्स-रो प्रिन्सेस नावाची अजस्र उडती बोट उडाली. तीन बांधल्या, त्यातली एकच उडाली, आणि गिऱ्हाईक एकही मिळालं नाही. विमान म्हणून तिच्यात खोट होती असं नाही. तिची गरजच उरली नव्हती.

पाण्याचा हिशेब दोनदा चुकता करावा लागतो

पाणी हवेपेक्षा सुमारे ८०० पट घन. विमानाला त्यातून वेग घ्यायचा असतो. सुरुवातीला ते जड होडीसारखं पाणी ढकलत जातं, नाक वर उचललं जातं आणि विरोध वाढत वाढत एका शिखराला पोचतो. सगळं उड्डाण अडतं ते इथे. इंजिनात हे शिखर ओलांडायचा जोर असेल तर विमान पाण्याच्या पृष्ठभागावर चढतं आणि घसरत पळू लागतं, विरोध एकदम कमी होतो आणि पुढं ते सुटतं. जोर नसेल तर ते पाणी उडवत नुसतं धावत राहतं. उकाड्यात हवा विरळ होते, इंजिन आणि पंख दोन्ही मंदावतात. सह्याद्रीतल्या धरणांची उंचीही समुद्रसपाटीपेक्षा बरीच जास्त. म्हणजे जे विमान थंड हवेत समुद्रावरून सहज सुटतं, ते मे महिन्याच्या दुपारी इथे दोन प्रवासी उतरवून ठेवायला लावेल.

फ्लोटच्या किंवा पोटाच्या खालच्या बाजूला मध्येच एक खाच असते, पायरीसारखी. पाणी पृष्ठभागाला चिकटून विमानाला धरून ठेवतं. या पायरीपाशी हवा शिरते आणि ती पकड सुटते. पायरीशिवाय पाणी सुटत नाही. पण एकदा वर गेल्यावर तीच पायरी, तेच फ्लोट, होडीचं तेच खोल पोट तासभर हवेला अडवत राहतं. पाण्याला जे हवं ते हवेला नको. नव्या डिझाइनवाल्यांची सगळी कल्पकता इथंच खर्ची पडते: मिटणारे फ्लोट, आत ओढून घेता येणारी पायरी, पाण्याखाली पंखासारखी पट्टी लावून विमान वर उचलणं. कल्पना खरोखर हुशार असतात. फक्त प्रत्येक हलणाऱ्या भागाबरोबर वजन येतं, बिघाडाची एक जागा वाढते, आणि ती जागा पाण्यात असते. पाण्याखालची पट्टी आपल्या जलपर्णीत घातली तर काय होईल, याचं चित्र त्या सादरीकरणांत मला अजून दिसलेलं नाही.

मग रोजची उस्तवार. उड्डाणाआधी वैमानिक फ्लोटवर वाकून एकेका कप्प्याचं बूच काढतो आणि हातपंपानं आत झिरपलेलं पाणी उपसतो. कुठल्या कप्प्यातून नेहमीपेक्षा जास्त पाणी निघालं तर कुठंतरी शिवण सुटली आहे हे त्याला कळतं. खाऱ्या पाण्यावर उतरलं असेल तर दिवसअखेर सगळं विमान गोड्या पाण्यानं धुवायचं, नाहीतर गंज. उभयचर असेल तर आणखी एक भीती: पाण्यावर उतरताना चाकं चुकून खाली राहिली तर विमान पालथं होऊ शकतं. आणि पहाटे पवनेचं पाणी आरशासारखं निश्चल असतं तेव्हा फोटो उत्तम येतो, वैमानिकाला मात्र आपण पाण्यापासून किती उंचावर आहोत हेच समजत नाही. थोडी लहर असलेली त्याला आवडते, मोठी लाट नाही.

'मालदीवमध्ये तर सर्रास चालतात की'

चालतात. तिथल्या सर्वांत मोठ्या कंपनीकडे पन्नासहून जास्त सीप्लेन आहेत. पण कोणती, ते बघा. ट्विन ऑटर. या कॅनेडियन विमानाचं पहिलं उड्डाण १९६५ मधलं. चाकांवर १९ माणसं नेणारं हे विमान फ्लोटवर पंधराच्या आसपास नेतं. उरलेल्यांची जागा फ्लोटच्या वजनानं खाल्ली. त्याचं उत्पादन १९८८ मध्ये थांबलं होतं. पुढं नव्या विमानांची मागणी आली तेव्हा दुसऱ्या कंपनीनं नवं डिझाइन काढलं नाही, तेच विमान नव्या यंत्रांसह पुन्हा बनवायला घेतलं. कॅनडात व्हँकुव्हरच्या किनाऱ्यावर प्रवासी नेणारं बीव्हर तर १९४७ सालचं.

धंदा ज्यांना कळतो ते साठ-सत्तर वर्षं जुन्या आराखड्याला चिकटून आहेत, हे मला सगळ्यात बोलकं वाटतं. मालदीवमध्ये बेटांना जोडणारा रस्ता नाही, आणि रिसॉर्टला जाणारा पाहुणा तिकिटाला शेकडो डॉलर मोजतो. आपल्याकडे पुण्याहून मुंबईला डेक्कन क्वीन सव्वातीन तासांच्या आसपास पोचवते.

आपले स्वतःचे प्रयोगही झाले आहेत. ३१ ऑक्टोबर २०२० ला केवडिया ते साबरमती रिव्हरफ्रंट सेवा पंतप्रधानांच्या हस्ते सुरू झाली. विमान मालदीवहून आणलेलं, जुनं ट्विन ऑटर. महिन्याभरातच ते देखभालीसाठी मालदीवला परत न्यावं लागलं, आणि एप्रिल २०२१ पासून सेवा बंद पडली. आपल्याजवळ जुहू ते अँबी व्हॅली सेवा २०१४ मध्ये सुरू झाली होती. तीही टिकली नाही. दोन्हीकडे विमान उडत होतं, यात वाद नाही.

'पण आता बॅटरी आली, कार्बन फायबर आलं'

कार्बन फायबर गंजत नाही, हा खरा फायदा. बॅटरीचं मात्र गणित मांडून बघू. आठवी-नववीचं विज्ञान पुरे.

वीस माणसांचं पाच टनांचं यान धरू. (ट्विन ऑटर भरल्यावर साडेपाच टनांहून जास्त भरतं, म्हणजे आपण उदार आहोत.) पाण्यालगत उडण्याचा फायदा (तो कसा मिळतो ते पुढं येईल) धरून हवेचा विरोध वजनाच्या विसाव्या भागाइतका मानू. हाही अंदाज सढळ हाताचा. सुरुवातीला सांगितलेल्या कोलकाता-चेन्नईच्या १,६०० किलोमीटरला, मोटरमधली गळती धरून, साधारण १,२८० युनिट वीज लागते. बॅटरीसंच किलोमागे २०० वॅट-तास देतो असं धरलं तर नुसती बॅटरी भरते ६,४०० किलो. आख्खं यान पाच हजार किलोचं! म्हणून लांबच्या पल्ल्याची गोष्ट आली की या कंपन्या हायड्रोजन किंवा मिश्र इंधनाकडे वळतात, आणि तिथं बॅटरीतली साधेपणाची सगळी मजा जाते. दहा रुपये युनिटनं विजेचं बिल १२,८०० होतं. वीस जणांचे ६०० प्रमाणे १२,००० जमा होतात. वैमानिक, विमा, देखभाल, कर्जाचं व्याज अजून यायचंय.

तेच सूत्र ३०० किलोमीटरला लावा. बॅटरी १,२०० किलो. अवघड आहे, पण अशक्य नाही. अमेरिकेतली रीजंट ही कंपनी आपल्या बारा प्रवाशांच्या इलेक्ट्रिक यानासाठी साधारण एवढाच पल्ला सांगते. म्हणजे बॅटरीवाले सगळेच हवेत बोलतात असं नाही. पल्ला बघून माणूस ओळखावा.

पेट्रोल उडता उडता जळून हलकं होतं, बॅटरी उतरताना तेवढीच जड असते, हेही लक्षात ठेवा. त्या व्हँकुव्हरच्या बीव्हरवर इलेक्ट्रिक मोटर लावून डिसेंबर २०१९ मध्ये यशस्वी उड्डाण झालं. २०२२ मध्ये ते ७२ किलोमीटर गेलं, २४ मिनिटांत. तिकीट काढलेले प्रवासी घेऊन मात्र ते अजून उडत नाही.

'आम्ही विमान नाहीच, बोट आहोत'

ही सगळ्यात चतुर वाट. पंख पाण्याच्या अगदी जवळ असला की त्याखालची हवा दबते आणि कमी ताकदीत जास्त उचल मिळते. फायदा साधारण पंखांच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतच्या लांबीइतक्या उंचीपर्यंतच मिळतो. अशी कायम पाण्यालगत राहणारी यानं आंतरराष्ट्रीय सागरी नियमांत जहाजांमध्ये मोडतात, त्यामुळं विमानाच्या प्रमाणपत्राची लांबलचक वारी बरीच टळते. सोव्हिएत संघानं १९६०च्या दशकात कॅस्पियन समुद्रावर अशी राक्षसी यानं चालवली होती. ती उडाली, पण लाटा, वळणं आणि समोरची जहाजं यांनी त्यांना रडवलं आणि पुढं त्यांचा प्रवासी धंदा कधी उभा राहिला नाही.

आता संगणक पुष्कळ सांभाळून घेतो. कोकण किनाऱ्यावर अशी कल्पना विचार करण्याजोगी आहे असं माझं मत. पण 'पुणेकरांची सोय' म्हणून ती विकणाऱ्याला विचारा, पवनेच्या चारी बाजूंच्या डोंगरांचं काय करणार?

भोगवटा पत्र कुठंय?

नव्या विमानाचा आराखडा सुरक्षित आहे असं सरकारी नियामकानं दिलेलं प्रमाणपत्र म्हणजे टाइप सर्टिफिकेट. आपल्याकडे ते डीजीसीए, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, देतं. पुण्यात राहणाऱ्याला हे समजावायला मला एकच गोष्ट पुरते: प्री-लाँच बुकिंग. सँपल फ्लॅट तयार असतो, नळाला पाणी येतं, गॅलरीतून टेकडी दिसते. पण सँपल फ्लॅट म्हणजे इमारत नव्हे आणि इमारत म्हणजे भोगवटा पत्र नव्हे. विमानाचा पहिला नमुना हा सँपल फ्लॅट. खरे पैसे आणि वर्षं त्यानंतर जातात: पंख मोडेपर्यंत ताण देऊन बघायचा, इंजिन बंद पाडून उतरवायचं, पाण्यावर आपटायचं, आणि प्रत्येक गोष्टीचा कागद करायचा. हा खर्च शेकडो कोटींत जातो.

डॉर्नियर सीस्टार घ्या. जर्मन घराणं नावाजलेलं, आराखडा देखणा, शरीर न गंजणारं. पहिलं उड्डाण १९८४. अमेरिकेचं प्रमाणपत्र १९९१ मध्ये मिळालं, म्हणजे भोगवटा पत्रसुद्धा हातात आलं, आणि पैसे संपल्यानं कारखाना सुरूच झाला नाही. नवी आवृत्ती उडाली मार्च २०२० मध्ये, चिनी भांडवलावर. मधली छत्तीस वर्षं किती जणांनी त्यात पैसे घातले असतील, विचार करा.

अमेरिकेतलं आयकॉन ए५ तर दोन माणसांचं छोटं खेळणंच. २००६ मध्ये कंपनी, २००८ मध्ये उड्डाण, सुरुवातीची किंमत १,३९,००० डॉलर. २०१७ पर्यंत किंमत गेली ३,८९,००० वर. विमानं बनली, विकली, लोकांना आवडली. एप्रिल २०२४ मध्ये कंपनीनं दिवाळखोरीचा अर्ज केला.

मग पूर्ण कोण करतं? ज्याला नफ्याची घाई नाही तो. चीनच्या सरकारी एजी६०० या प्रचंड उभयचर विमानाचं काम २००९ मध्ये सुरू झालं, ते २०१७ मध्ये उडालं आणि त्याला प्रमाणपत्र मिळालं एप्रिल २०२५ मध्ये. सरकारी तिजोरी पाठीशी असून सोळा वर्षं लागली. तुमच्यापुढच्या सादरीकरणात ती मुदत तीन किंवा चार वर्षं लिहिलेली असेल.

'ऑर्डरी तर हजारो कोटींच्या आहेत'

ऑर्डर आणि इरादापत्र यात फरक आहे. इरादापत्र म्हणजे 'तुम्ही सांगता तसं विमान, सांगता त्या किमतीला, प्रमाणपत्रासह दिलंत तर आम्हाला घ्यायला आवडेल.' त्यात बहुतेकदा एक पैसाही हातातून जात नाही, आणि देणाऱ्याचंही नाव छापून येतं. डिसेंबर २०१७ मध्ये गिरगाव चौपाटीवर कोडिॲक सीप्लेनचं प्रात्यक्षिक झालं तेव्हा स्पाइसजेटनं अशी शंभराहून जास्त विमानं घेण्याचा इरादा जाहीर केला होता. ते तर प्रमाणपत्र असलेलं, बाजारात मिळणारं विमान होतं. शंभर सोडा, त्या विमानांचा ताफा आपल्याकडे आलाच नाही. त्यामुळं ऑर्डरींचा आकडा वाचताना एवढंच विचारायचं की परत न मिळणारी अनामत किती जमा झाली आहे.

'मोठ्या लोकांनी पैसे घातलेत, ते काय वेडे आहेत?'

वेडे नाहीत. त्यांचे शेअर वेगळे आहेत, गोम इथेच आहे. समजा कंपनीची किंमत ५० कोटी धरून तुम्ही पाच लाख घातलेत. तुमचा वाटा झाला ०.१ टक्का. पुढं प्रमाणपत्रासाठी ४०० कोटी लागले. ते देणारे मोठे गुंतवणूकदार करारात लिहून घेतात की कंपनी विकली गेली तर आधी आमचे पैसे परत. आठ वर्षांनी कंपनी १५० कोटींना विकली गेली. वर्तमानपत्रात बातमी येते, 'पुणेकरांनी पाठबळ दिलेल्या विमानाची दीडशे कोटींना विक्री'. १५० कोटी सगळे मोठ्यांकडे जातात. तुमच्या वाट्याला पेढासुद्धा येत नाही.

म्हणून विचारायचा तो प्रश्न हा: प्रमाणपत्र हातात येईपर्यंत एकूण किती पैसे लागणार, आणि ते सगळे उभे झाल्यावर माझ्या शेअरचं काय उरणार? मोठ्या कंपनीला तर तंत्रज्ञान जवळून बघायला मिळालं तरी पैसे वसूल वाटतात. तुम्ही ते बघून काय करणार?

आणखी एक कायद्याची गोष्ट. कंपनी कायदा २०१३ च्या कलम ४२ नुसार खासगी कंपनी निवडक लोकांनाच शेअर देऊ करू शकते, पात्र संस्थात्मक गुंतवणूकदार आणि शेअर-योजनेतले कर्मचारी सोडून एका आर्थिक वर्षात जास्तीत जास्त २०० जणांना, आणि त्याची जाहीर जाहिरात करता येत नाही. त्यामुळं सोसायटीच्या ग्रुपवर 'मर्यादित संधी, आजच शेअर घ्या' असा भारतीय कंपनीचा फॉरवर्ड आला, तर विमानाचं चित्र बघायच्या आधीच शंका घ्यायला जागा आहे.

'राइट बंधूंनाही लोक हसलेच होते'

हसले असतील. त्यांनी लोकांकडून शेअरचे पैसे गोळा केले नव्हते, सायकलीच्या दुकानाच्या कमाईवर विमान केलं.

मग पवनेवर सीप्लेन येणारच नाही का?

येऊ शकेल. आलं तर बहुधा ट्विन ऑटर किंवा सेसना कॅरॅव्हॅन असेल, छोट्या शहरांना विमानानं जोडणाऱ्या केंद्राच्या उडान योजनेच्या अनुदानावर. अडचणी असतील त्या इथल्या: उन्हाळ्यात पाणी मीटरच्या मीटर खाली जातं, त्याबरोबर वरखाली होणारी तरंगती जेट्टी लागेल. पावसाळ्यात ढग डोंगराला टेकतात आणि नजरेच्या भरवशावर उडणारं विमान तळावरच बसून राहील. पवनेचं पाणी पिंपरी-चिंचवडला प्यायला जातं, तेव्हा इंधनाच्या तवंगाचा प्रश्न कुणीतरी विचारणारच, आणि विचारलाच पाहिजे. उजनीवर म्हणाल, तर भिगवणच्या रोहित पक्ष्यांच्या थव्यातून विमान काढायला कुठला वैमानिक तयार होईल? हे सगळं सोडवता येईल, खर्चून. तिकीट काढून एकदा बसून याच, मीही बसेन.

पण त्या विमानात बसणं आणि अजून कागदावर असलेल्या दुसऱ्या विमानाच्या कंपनीत पैसे घालणं यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. सादरीकरण करणारा पवनेचा फोटो दाखवून दोन्हीची सांगड घालतो, तेव्हा त्याला थांबवा. टाइप सर्टिफिकेटसाठी कोणत्या नियामकाकडे, कोणत्या तारखेला अर्ज केलाय ते विचारा, अर्जाची पोच मागा, आणि सोबत भागधारकांच्या कराराचा मसुदा तुमच्या सीएला दाखवायला घरी घेऊन या.